जमीन माझी हाय

आम्ही चिखलीतल्या या सोसायटीत राहायला आलो, त्या दिवशी आमच्या दारात पहिला माणूस आला तो माफी मागायला. खाली टेम्पोतून सामान उतरत होतं, फ्रिज लिफ्टमध्ये मावत नव्हता, मी कुणावर तरी ओरडत होते, आणि दारात पांढरा सदरा, लेंगा आणि टोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ हात जोडून उभे. मला वाटलं, वर्गणी. म्हटलं, "नंतर या."

"नंतर येतोच," ते म्हणाले. "पर आत्ता सांगून ठिवतो. जमीन माझी हाय. काय बसलं, खचलं, तडकलं, तर राग धरू नका. मला हाक मारा. ए विंगला खालीच ऱ्हातो. सोपान म्हंत्यात मला."

एवढं बोलून गेले. माझा नवरा प्रसाद म्हणाला, "बिल्डरचा माणूस दिसतोय." मी म्हटलं, "बिल्डरचा माणूस कधी माफी मागतो का?"

सोपानअण्णा बिल्डरचे नव्हते, उलट बिल्डर एका अर्थी त्यांचा होता. ही सगळी जागा अण्णांची. ती त्यांनी डेव्हलपमेंटला दिली, बदल्यात फ्लॅट मिळाले. एकात ते एकटे राहतात, बाकीच्यांत भाडेकरू. बायको हौसाबाई इमारत पुरी व्हायच्या आतच वारल्या. मुलगा आणि सून वाकडला असतात, दर रविवारी येऊन "बाबा, तिकडे चला" म्हणतात. अण्णा म्हणतात, "तिथली जमीन माज्या वळखीची न्हाई."

सोसायटीचं नाव इंग्रजी आहे आणि एका फुलाचं आहे. ते फूल इथल्या कुणी पाहिलेलं नाही, बिल्डरनेही पाहिलं नसावं. अण्णा ते नाव घेत नाहीत. त्यांच्या लेखी हे अजून वावरच आहे, मधे थोडी बिल्डिंग झाली आहे एवढंच. ए विंग म्हणजे वरलं वावर. आमची बी विंग इहिरीकडची. क्लब हाउस म्हणजे हरभऱ्याचं. एकदा आमचा पिझ्झा घेऊन आलेल्या माणसाने गेटावर अण्णांनाच पत्ता विचारला. अण्णांनी मायेने सांगितलं, "सरळ जा, इहिरीवरनं डावीकडं." तो बिचारा विहीर शोधत सोसायटीला चकरा मारत बसला. शेवटी प्रसादला फोन करून म्हणाला, "सर, इथं विहीर कुठंच नाही हो, फक्त स्विमिंग पूल आहे."

पार्किंगच्या ज्या कोपऱ्यात सेक्रेटरींची पांढरी मोठी गाडी उभी असते, तिथे अण्णांचं खळं होतं. खळ्यात पायताण घालून जायचं नाही, हा त्यांच्याकडचा नियम. म्हणून त्या कोपऱ्याशी आले की अण्णा चपला काढून हातात घेतात, गाडीला वळसा घालून पलीकडे जातात आणि मग चपला घालतात. सेक्रेटरींना बरेच दिवस वाटत होतं की हा मान त्यांच्या गाडीला आहे.

आता सिंकविषयी सांगायला हवं, कारण अण्णांचं आणि माझं जे काही आहे ते सिंकमुळे.

पूर्वी सिंक वरून बसवायचे. त्याच्या कडा ओट्याच्या दगडावर टेकलेल्या असायच्या. आता फॅशन अशी की ते दगडाच्या खालून चिकटवायचं, म्हणजे ओटा सपाट दिसतो आणि सांडलेलं पाणी फडक्याने सरळ आत लोटता येतं. आमच्या ब्रोशरमध्ये या सिंकचा पानभर फोटो होता. मी हे घर पसंत केलं त्यात त्या फोटोचा वाटा मोठा आहे, हे प्रसादला अजून माहीत नाही. दिसायला सुरेखच. फक्त कुकर, कढया, इडलीपात्र, भिजत घातलेली पातेली, असा सगळा भार नुसत्या गोंदावर.

वर्ष-दीड वर्षात सिंकं बसायला लागली. आधी ए विंगमध्ये एक, मग आमच्या खालच्या मजल्यावर दोन. दगड आणि सिंक यांच्यात फट पडायची, मग पाणी खालच्या ट्रॉलीत, कांदे-बटाट्यांवर. लोक बिल्डरच्या नावाने खडे फोडायला लागले. बिल्डरचा फोन लागेना. पण अण्णा मात्र बोलवायच्या आधी हजर.

"काळी हाय ती," ते समजावून सांगायचे. "पानी प्याली की फुगती, सुकली की फाकती, आन् बसती. तिचा सोभाव हाय."

मी एकदा न राहवून म्हटलं, "अण्णा, हा तिसरा मजला आहे."

"मजले कशावर हुबे हायत?"

मी चाकणला एका कंपनीत परचेसला आहे. दिवसभर सप्लायरांशी हुज्जत घालून माझं तोंड चांगलं तयार झालेलं आहे. पण अण्णांच्या त्या प्रश्नावर मी लिफ्टचं बटण दाबलं.

अण्णांची विचारपूसही तीच. लोक जेवलात का विचारतात, अण्णा विचारतात, "काय बसलं का?" आमच्या मजल्यावर नवीन लग्न झालेलं जोडपं आलं. लिफ्टमध्ये अण्णांनी त्या मुलीला काळजीने विचारलं, "काय बसलं का?" ती म्हणाली, "हो, हळूहळू बसतेय घडी." अण्णा हादरले. म्हणाले, "हळूहळू बसतंय, आन् सांगितलं न्हाई व्हय?" त्याच दिवशी टेकू घेऊन दारात.

आणखी एक. वरच्या मजल्यावर सुतार दरवाजे बसवत होता. एक दार काही केल्या चौकटीत जाईना. शेवटी गेलं, तेव्हा तो खुशीत येऊन जिन्यात ओरडला, "बसलं! एकदाचं बसलं!" खालून जाणाऱ्या अण्णांनी ते ऐकलं. लिफ्टची वाटही न बघता म्हातारा धापा टाकत वर आला, खांद्यावर गोणी. सुतार सांगतोय, काका, बसलं म्हणजे चांगलं झालं. अण्णा काही केल्या मानेनात. त्यांच्या लेखी काहीही बसणं चांगलं नसतं.

गोणीत बाभळीच्या लाकडाचे तुकडे, विटा आणि पाचरी. सिंकखाली लाकूड उभं करायचं, त्याच्या बुडाशी पाचर ठोकायची, की सिंक वर जायचं आणि फट मिटायची. पाचर मारणं म्हणजे दुसऱ्याच्या कामात खोडा घालणं, एवढंच मला ऑफिसमुळे ठाऊक होतं. पाचर मारून कुणाचं काही सावरताही येतं, हे मी अण्णांकडे पाहिलं. काम झालं की अण्णा उठायचे नाहीत. फरशीवर तळहात ठेवायचे, आणि कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणायचे, "बास आता. बास."

उन्हाळ्यात त्यांची आणि सेक्रेटरींची जुंपायची. सोसायटीला पाणी टँकरचं, आणि अण्णा रोज सकाळी बादली घेऊन कंपाउंडच्या भिंतीकडेने पाणी ओतणार. सेक्रेटरी म्हणाले, "अण्णा, तिथं एक झाड नाही, का ओतता?" अण्णा म्हणाले, "माज्या भांड्याचंच पानी हाय, टँकरचं न्हाई. तिला तहान लागली की ती फाकती. मग तुमच्याच बायका रडत्यात." सेक्रेटरी इंजिनिअर आहेत. त्यांनी पाया, काँक्रीट, मुरूम वगैरे सगळं समजावलं. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि उरलेली बादली ओतली.

मला वाटायचं, म्हाताऱ्याला वेळ जात नाही, म्हणून हे उद्योग. एकदा मी गमतीने म्हटलंही, "अण्णा, जमीन तुमची, पण तिची एवढी उस्तवार कशाला? दिलीत ना एकदा?" अण्णा हसले नाहीत. म्हणाले, "ती रागावलीया माज्यावर. तिचा राग उतरंस्तवर करावं लागंल." का रागावली, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, कुकर लावायचा होता.

मग आमचं सिंक बसलं. मला गुरुवारी सुट्टी आणि प्रसादला शनिवार-रविवार, त्यामुळे घरात काही बिघडलं की ते ज्याच्या सुट्टीच्या दिवशी बिघडेल त्याचं. बिघडलं गुरुवारी. मी इडलीपात्र घासत होते, आणि हाताखाली सिंक सावकाश, काही आवाज न करता, एका बाजूने खाली गेलं. बोट जाईल एवढी फट. मी घाबरून खाली वाकले तर ट्रॉलीतले कांदे भिजलेले. अण्णांना हाक मारावीच लागली नाही. खालच्या घरातल्यांना छताला ओल दिसली होती, तिथून बातमी गेली होती.

टेकू बसला. सिंक वर गेलं. पण माझी ट्रॉली बंद होईना, कचऱ्याचा डबा बाल्कनीत गेला, आणि वाकून काही घ्यायला गेलं की बाभळीचं लाकूड कपाळावर आपटायचं. महिनाभर मी ते सोसलं. मग माझं डोकं फिरलं. मी प्रसादला म्हटलं, "मला टेकू नको, मला सिंक पाहिजे." त्याने चौकशी करून शकीलभाईंचा नंबर आणला. शकीलभाई म्हणजे आमच्या भागातले ग्रॅनाइटचे कारागीर. मूळचे लातूरकडचे, इथे येऊन आयुष्य गेलं. माणूस कामाला चोख आणि तोंडाने सतत घाईत.

पुढच्या गुरुवारी ते आले. अण्णांना मी बोलावलं नव्हतं, पण ते आलेच. "मशीन लावनार म्हंजी मी पायजे," म्हणाले. ओट्याशी प्लास्टिकच्या स्टुलावर बसून राहिले, डॉक्टर आत पेशंट तपासत असताना घरचा माणूस बसतो तसे.

शकीलभाईंनी टेकू काढला, नळाचा पाइप सोडवला, आणि सिंक अलगद दोन हातांत घेऊन खाली उतरवलं. इतक्या सहज निघालं की मला भीतीच वाटली. त्यांनी बॅटरी मारून दगडाची खालची बाजू पाहिली, बोट फिरवलं आणि ते बोट आमच्यासमोर धरलं. पांढरी भुकटी.

"हे बघा भाभी. दगड कापला, त्याची पावडर. कुणी पुसलीच नाही. गम दगडाला लागलाच नाही, पावडरला लागला. वर क्लिप नाही, खाली पट्टी नाही. टिकणार कसं? टिकलं एवढे दिवस हीच मेहरबानी."

"म्हणजे सगळ्यांकडे असंच?" मी विचारलं.

"एकाच ठेकेदाराचं काम ना? मग एकसारखंच असणार."

अण्णा स्टुलावरून म्हणाले, "पर जमीन बसती, म्हून..."

"नाय अण्णा!" शकीलभाई हसले. "जमिनीचा काय संबंध? जमीन बसली असती तर आधी भिंतीला तडा जाईल, दरवाजा अडकेल. सिंक एकटं कशाला बसेल? तुमची जमीन एकदम पक्की आहे. मी याच लायनीत कितीतरी घरं बघितली, इथल्यासारखी पक्की कुठं नाय."

मला मनापासून आनंद झाला. म्हटलं, बरं झालं, म्हाताऱ्याच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. मी म्हटलंसुद्धा, "अण्णा, सुटलात तुम्ही! उगीच इतकी वर्षं माफ्या मागत फिरलात. तिचा काही राग-बिग नाही तुमच्यावर."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, पण मी दिसतेय असं वाटलं नाही. त्यांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, परत घातली.

शकीलभाईंनी दगड घासला, पुसला, वाळवला. मग अडचण सांगितली. सिंकच्या दोन्ही बाजूंना कडाप्प्याच्या उभ्या फळ्या होत्या. त्यांना भोकं पाडून स्टीलचे अँगल लावायचे, म्हणजे सिंक कायमचं त्या अँगलवर टेकेल. पण ते लावून होईपर्यंत कुणीतरी सिंक खालून वर दाबून धरायला हवं. त्यांचा जोडीदार गावी गेला होता. मी पुढे झाले, तर अण्णा उठलेच. "मी धरतो. ते माजं काम हाय."

वयाच्या मानाने अण्णा चपळ. ट्रॉल्या काढलेल्या होत्या, त्या जागेत ते मांडी घालून बसले, डोकं वाकवून आत गेले आणि दोन्ही तळहातांवर सिंक उचलून धरलं. बाहेर फक्त त्यांचे गुडघे दिसत होते. शकीलभाईंनी कडेने गम लावला, पातळी बघितली, "थोडं डावीकडून वर, बस," असं करत जागेवर आणलं आणि ड्रिल सुरू केलं. आवाजाने घर दणाणलं. एका बाजूचा अँगल लागला. ड्रिल थांबलं. शकीलभाई स्क्रू शोधत होते. तेव्हा ओट्याखालून अण्णांचा आवाज आला.

"ताई, ज्वारी हुबी व्हती."

मला कळेना. मी खाली वाकले. "काय म्हणालात अण्णा?"

"जमीन दिली तवा. ज्वारी हुबी व्हती. कनसं भाईर पडल्याली, दानं दुधात व्हतं. हौसा म्हनली, दानं भरंस्तवर थांबा. पोटुशी बाईला कुनी घराभाईर काढतं का? मलाबी पटत व्हतं. पर बिल्डरसायबांचा भूमिपूजनाचा मुहूर्त ठरल्याला. मांडव आल्याला, पावनं बोलवल्यालं. म्हनले, अण्णा, तारीख टळंल. मी म्हनलो, घाला मशीन."

शकीलभाईंच्या हातात स्क्रू तसाच होता.

"हौसा बांधावर हुबी व्हती. रडली न्हाई. मला एक शिवी दिली न्हाई. घरी गेली, भाकरी केली, मला वाढली. त्या दिसापास्नं त्यावर एक अक्षर न्हाई. बाकी समदं बोलायची. त्येवढंच न्हाई. मी वाट बगायचो, आज भांडंल, उद्या भांडंल. एकदा भांडली असती तर मी पाय धरलं असतं तिचं. आजारी पडली, दवाखान्यात ऱ्हायली, तरी न्हाई. आन् गेली."

मला वाटलं, संपलं. मग अगदी हळू आवाजात ते म्हणाले,

"मग ही सिंकं बसाया लागली. ताई, खरं सांगतो, मला बरं वाटलं. म्हनलं, हौसा न्हाई बोलली, ही काळी तरी बोलली."

इतकी वर्षं मी या माणसाला हसले, प्रसादला त्यांच्या नकला करून दाखवल्या, आणि तो दारोदार जाऊन एका बाईचं न झालेलं भांडण ऐकत होता. आणि आज मीच मोठ्या आनंदाने त्याला सांगितलं होतं, की तुमच्यावर कुणाचाच राग नाही.

"आता हे म्हंत्यात, गोंद," आतून आवाज आला. "म्हंजी तीबी काय बोलली न्हाई."

मी काहीतरी सांगायला तोंड उघडलं. हौसाकाकूंनी मनातून माफ केलं असेल, असं काहीतरी. पण मी त्या बाईंना कधी पाहिलंही नव्हतं.

शकीलभाईंनी दुसऱ्या बाजूला भोक पाडलं, अँगल लावला, स्क्रू आवळला. इतका वेळ घाई-घाई करणारा माणूस, आता मुद्दाम सावकाश काम करत होता. मग त्यांनी वरून सिंकवर दोन्ही हातांनी दाब देऊन पाहिला. तसूभर हललं नाही. सवयीने त्यांच्या तोंडून निघून गेलं, "झालं. अण्णा, सोडा आता. अँगलने भार घेतला."

अण्णा बाहेर आले नाहीत. मी वाकून पाहिलं. अंधारात त्यांचे दोन्ही हात तसेच वर होते, तळवे सिंकच्या बुडाला लागलेले. डोळे मिटलेले, आणि गालावरून पाणी ओघळत होतं. ते पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणजे त्यांनी केला नव्हता.

शकीलभाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना पुढे संत तुकाराम नगरला दुसरं काम होतं, आल्यापासून त्यांनी ते दोनदा ऐकवलं होतं. त्यांनी ड्रिलची वायर गुंडाळायला घेतली होती, ती खाली ठेवली. फडक्याला हात पुसत ओट्याकडे तोंड करून म्हणाले, "अण्णा, मी काय म्हणतो, गम ओला आहे अजून. धरा थोडा वेळ. सोडू नका."

गम ओला असला तरी काही फरक पडणार नव्हता, हे मलाही दिसत होतं. सिंक दोन अँगलवर पक्कं टेकलेलं होतं. शकीलभाई भिंतीला टेकून फरशीवर बसले. मीही ओट्याशी खाली बसले, अण्णांच्या गुडघ्यांशेजारी.

बऱ्याच वेळाने ओट्याखालून अण्णा म्हणाले, "ताई, हाताला भारच लागंना."

"असू दे अण्णा," मी म्हटलं. "तुम्ही धरून राहा."